शत्रू व्हायला घरात मीच होते

आमच्या घरात दुष्काळ आणि कराटे एकाच वर्षी आले. दोन्हींपैकी दुष्काळ परवडला, तो निदान ओरडत नव्हता.

उसाचं चिपाड झालं, सहकारी साखर कारखान्याचं धुराडं थंड पडलं आणि तिथं कारकून असलेल्या आमच्या ह्यांना हजेरी लावण्यापलीकडे काम उरलं नाही. उसाच्या गाड्याच येत नव्हत्या, म्हणून वजनकाट्याची लोखंडी फळी मोकळी पडलेली. तिथं वडवणीच्या युसूफ सरांनी कराटेचा वर्ग सुरू केला. आम्ही आमच्या लेकीचं नाव घातलं. तिला सोडायला हे जायचे. लेकीचा उत्साह आठवडाभरात आटला, पण सोडायला गेलेले हे तिथंच राहिले! पन्नाशीला टेकलेला माणूस, पोटावरून घसरणारा पांढरा पट्टा आणि अंगणात सकाळ-संध्याकाळ ‘हाय्या!’ (शेजारची शेळी त्या आरोळीनं दूध चोरायला लागली. त्याचा ठपकाही माझ्यावरच.)

नुसत्या हातपाय झाडण्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण सरांनी एक दिवस ह्यांना ‘काता’ शिकवला आणि माझे हाल सुरू झाले. काता म्हणजे एकट्यानं करायची लढाई. शत्रू दिसत नाहीत, पण चारी बाजूंनी आहेत असं धरून चालायचं. डावीकडे वळून हात खाली झाडला, की त्या शत्रूची लाथ अडली. पाऊल टाकून ठोसा दिला, की तो आडवा. मग गर्रकन मागे वळायचं. तिथला शत्रू आपलं मनगट धरतो, ते हिसडून सोडवायचं आणि तीच मूठ हातोड्यासारखी त्याच्यावर आणायची. असं करत करत जिथून सुरुवात केली त्याच जागी येऊन थांबायचं.

“परत तिथंच यायचं, तर निघायचं कावून?” मी विचारलं.

“तुला न्हाई कळायचं. प्रत्येक हालचालीला अर्थ हाय. आन अर्थ कळायला शत्रू लागतो.” असं म्हणून ह्यांनी घरभर नजर फिरवली. घरात मीच होते.

“ये, धर मनगट.”

“अवं, चुलीवर भाजी हाय!”

“शत्रू भाजी बघत बसतो व्हय? धर!”

धरलं. ह्यांनी हिसडा दिला, मी मनगट सोडलं, मूठ डोक्यावर येताना दिसली तशी ‘अयाई गं!’ म्हणून मटकन खाली बसले. हे खूश! रोज तोच प्रकार. पुढे पुढे तर मी हिसडा बसायच्या आतच सोडायची, कारण भाजी करपायची. ह्यांना वाटायचं, हिसड्यात जोर आलाय. एकदा सर घरी आले तेव्हा मी गाऱ्हाणं घातलं, तर ते म्हणाले, “भाभी, काता म्हंजे नाच न्हाई. एकदा चालू केला की मधी सोडायचा न्हाई. आभाळ कोसळलं तरी न्हाई.” आभाळातून काही कोसळेल अशी त्या वर्षी कुणालाच आशा नव्हती, तो भाग वेगळा.

अशात बातमी आली, की कारखान्याचा पाण्याचा टँकर यापुढे एकाच ठिकाणी उभा राहणार. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, नाहीतर पार वरच्या गल्लीत. ठरवणार चेअरमनसाहेब. आणि साहेब येणार होते कराटेच्या कार्यक्रमाला! गल्लीतल्या बायकांनी मलाच पुढं केलं. ह्यांचा काता झाला की मी साहेबांना शाल-नारळ द्यायचा आणि एकच वाक्य बोलायचं, ‘टँकर आमच्या तोंडाशी उभा करा.’ वरच्या गल्लीपर्यंत चढ आहे आणि माझे गुडघे तेव्हाच वाजायला लागले होते. ते वाक्य मी भाकरी थापताना घोकलं, धुणं धुताना घोकलं, झोपेतसुद्धा घोकलं.

कार्यक्रमाला वजनकाट्याभोवती सगळं गाव जमलं. साहेब समोर खुर्चीत. मी बाजूच्या टेबलाशी शाल-नारळ घेऊन उभी. हे फळीच्या मधोमध आले आणि रीतीप्रमाणे कंबरेत वाकून नमस्कार केला. कात्याआधी वाकायचंच असतं. पण कारखान्याच्या आवारात कुणी वाकलं तर ते आपल्यालाच, याची साहेबांना इतक्या वर्षांची सवय! ते लगेच उठले. “आसू द्या, आसू द्या!” म्हणत आशीर्वादाचा हात पुढे करून निघाले ते थेट फळीवर.

ह्यांनी बघितलं, पण काता सुरू झाला होता. मधी सोडायचा न्हाई! हे डावीकडे वळले, लाथ अडवली, ठोसा मारला. साहेब आशीर्वादाचा हात घेऊन ह्यांच्या पाठीमागे. “आवं, फोटू तरी काढू द्या!” असं म्हणायला आणि ह्यांनी गर्रकन मागे वळायला एकच गाठ पडली. साहेबांनी फोटोसाठी ह्यांचं मनगट गच्च धरलं.

हे तर कात्यातलंच मनगट!

ह्यांनी हिसडा दिला. साहेब हलले नाहीत. त्यांना काय माहीत, इथं शत्रूनं सोडायचं असतं म्हणून! त्यात फोटोवाला ओरडतोय, “साहेब, हलू नका!” म्हणून साहेबांनी पकड आणखी घट्ट केली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. हे ओढताहेत, साहेब हसताहेत. शेवटी ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि रडकुंडीला येऊन म्हणाले, “मंगल, हे सुटंना!”

डोळ्यांपुढे टँकर वरच्या गल्लीकडे वळताना दिसला मला. एका हातात नारळ तसाच घेऊन मी धावले आणि दुसऱ्या हातानं ह्यांचं मनगट धरून ओढलं. तिथंच घात झाला! माझा हात लागताच ह्यांच्या अंगाला रोजचं अंगण आठवलं. असा काही हिसडा बसला, की साहेबांची पकड सुटून टोपी उडाली. मूठ वर गेली. आणि माझ्याही अंगाला सवय! मी “अयाई गं!” म्हणून फळीवर मटकन बसले आणि नारळ डोक्यावर धरला. हातोडा बसला नारळावर. नारळ उडाला, लोखंडावर आपटून फुटला आणि पाणी साहेबांच्या धोतरावर.

इतकं पाणी एकदम सांडलेलं कित्येक दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं. मग युसूफ सरांनी प्रसंग ओळखून जोरजोरात टाळ्या वाजवल्या आणि त्यांच्यामागे सगळं गाव. हे सुजलेला हात काखेत दाबून उरलेला काता पूर्ण करत होते.

साहेबांना तर भलताच आनंद झाला. “नारळ फोडला नुस्त्या हातानं! आन बाई बघा, वाघीण हाय वाघीण!”

मी बसल्या जागेवरून हात जोडले. “साहेब, टँकर...”

“टँकरचंच बोलतोय! ज्या गल्लीत असली ताकदीची माणसं हायेत, तिथं टँकर लागतोय कशाला? टँकर वरच्या गल्लीत!”

पुन्हा टाळ्या. (आमच्या गल्लीतल्या बायकांनीसुद्धा वाजवल्या. अर्थ त्यांना घरी गेल्यावर कळला.)

ह्यांचा हात फडक्यात बांधलेला, त्यामुळे पाणी आणायचं माझ्याकडेच आलं. काता आता मीच करते. दारातून घागर घेऊन निघायचं, चढ चढायचा, चारी बाजूंच्या शत्रूंना चुकवायचं आणि परत त्याच दारात येऊन थांबायचं. शत्रू सगळे दिसणारे. वरच्या गल्लीतली सिंधूबाई तर पाइपाजवळ पोचले रे पोचले की माझं मनगटच धरते.

आणि मी लगेच पाइप सोडून देते आणि “अयाई गं!” म्हणून मटकन खाली बसते. कराटेतलं मला तेवढंच येतं!