दंडाचं जेवण

मुलचेऱ्याच्या अलीकडच्या एका जंगलगावात बायांचा गट चारोळी फोडून विकायचा. त्याआधी व्यापारी मोटारसायकलवर मीठ घेऊन यायचा आणि मापाला माप चारोळी घेऊन जायचा. ही लूट मोडायची म्हणून मीच, संघटनेची कार्यकर्ती, त्यांना फोनवरच्या एका ॲपवर आणलं. फुकट आहे, ॲपची कंपनी म्हणाली. चंद्रपूर-नागपूरचे ग्राहक जोडले गेले. मग एका सकाळी खातं बंद. कारण, ‘नियमभंग’. कोणता नियम, ते सांगायला तिकडे माणूसच नाही. दुसऱ्या ॲपवर या म्हटलं, तर ग्राहक म्हणाले, आम्ही तिकडे नसतो. मक्तेदारीवर मी ढीगभर पत्रकं लिहिली होती. मक्तेदारी कळली मात्र तेव्हा.

आम्ही मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या दिल्लीच्या आयोगाकडे अर्ज धाडला. पुढे बातमी आली, कंपनीला दंड. प्रकरण वेगळंच होतं, आमच्या अर्जाचा त्यात शब्दही नव्हता. तरी मी पत्रक काढलं: ‘जंगलच्या बाया जिंकल्या!’ याला चूक म्हणू नका. खोटं म्हणा.

गटाची म्हातारी अध्यक्ष म्हणाली, “दंड बसला ना पोरी? मंग जेवण झालं पायजे.”

त्या गावात ज्याला दंड बसतो तो गावाला जेवू घालतो. वादी-प्रतिवादी एका पंगतीत बसतात, आणि वाद तिथेच संपतो.

“कंपनी कुठी येते इथी भात रांधाले?” एकीनं विचारलं.

“तिच्या वाटचा आपुन रांधू. पत्रावळ तेवढी मांडून ठेवू तिच्यासाठी.”

सगळ्या खिदळल्या. पंगतीच्या टोकाला खरंच एक रिकामी पत्रावळ मांडली. कंपनीनं दमडी भरलेली नाही, हे मला ठाऊक होतं. मी पत्रकासाठी फोटो काढला आणि कोंबडीचा रस्सा दोनदा मागून घेतला.

कंपनी अपिलात गेली. दंडाला स्थगिती. खातं बंदच. चारोळीची पोती घरात, पावसाळा तोंडावर. मी नवा अर्ज घेऊन गेले. प्रत्येकीची सही हवी होती. म्हातारीनं कागदाला हात लावला नाही.

“जेवण झालं ना?”

“बाई, त्यांनी दंड भरलाच नाही!”

“थे तुले तवा ठाऊक होतं?”

मी अर्जाची घडी घातली.

“जेवल्यावर भांडण उकरून काढत नाई आमच्यात. तू बी जेवली.”

“मग या चारोळीचं काय?”

तिनं हनुवटीनं विहिरीकडे दाखवलं. तिथे मोटारसायकल उभी होती, मागे मिठाचं पोतं बांधलेलं.

“याचं माप खोटं हाये, पण डोयानं दिसते तरी,” ती म्हणाली. मग चारोळीच्या पोत्याचं एक टोक धरून माझ्याकडे बघितलं. “धर तिकडून. पत्रक लिवते तो हात लाव.”

मी लावला.