भाकड म्हशीची चित्रं

माझं इस्लामपुरात फ्लेक्सचं दुकान आहे. गावोगावच्या भाऊ-दादांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देणं हे माझं कलाक्षेत्र. फोटो आला की चेहरा उजळायचा, डोक्यावर जरा केस आणायचे आणि पोट आत घ्यायचं. पोटं आत घेण्यात माझा हात तालुक्यात कुणी धरणार नाही. मात्र कागदावर पेन्सिल टेकवून किती वर्षं झाली होती ते मलाच आठवत नव्हतं.

म्हणून गेल्या गुढीपाडव्याला आम्ही तिघांनी ठरवलं, की वर्षभर रोज एक चित्र काढायचं. तिघं म्हणजे मी, शाळेतले एक चित्रकलेचे सर आणि शिवणकाम करणाऱ्या एक ताई. फोटोवरून काढायचं नाही, समोर दिसेल तेच काढायचं, हा सरांचा नियम. सर चहाच्या गाड्यावर बसून माणसं काढू लागले, ताई गिऱ्हाइकांचे हात काढू लागल्या. माझ्यासमोर कुणी बसेना. आईला बसवलं तर ती मधेच भाजी निवडायला उठायची. शेवटी गोठ्यातली म्हैस पकडली. ती रवंथ करत तासभर जागची हलत नसे. गोठ्यात स्टूल ठेवायला जागा एकच, म्हशीच्या उजव्या अंगाला. तिथूनच वर्षभर काढली.

आमचे वडील फौजेतून हवालदार होऊन आलेले. रोज माझ्यामागे उभे राहून तपासणी करायचे. "ही कुणाची म्हैस रं? आपली न्हाई ही." त्यांनी एकदा तरी बरं म्हणावं एवढीच माझी इच्छा होती. पण त्यांचा म्हशीवरच राग होता. गाभण राहावी म्हणून इंजेक्शनं देऊन झाली, श्रावणात डॉक्टर तपासून रिकामी म्हणून गेले, दूध तर आधीच आटलेलं. गणपतीत एकदा ती दावं तोडून ओढ्याला गेली आणि वस्तीवरच्या रेड्याबरोबर दिवसभर पाण्यात बसून आली. तेव्हापासून वडील तिच्याशी बोलणंच सोडून बसले. पुढून वैरण टाकायची आणि तोंड फिरवायचं.

"भाकड जनावर फुकट पोसायचं व्हय? दलालाला सांगितलंय मी."

रोज बघून बघून त्या म्हशीत माझा जीव अडकला होता. "आवं, पोराचं वरीस तरी हू द्या," आई म्हणाली. वडिलांनी पाडव्यापर्यंत मुदत दिली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दलाल टेम्पो घेऊन येणार होता.

थंडी संपता संपता वडिलांची नवी तक्रार सुरू झाली. "पोट चुकलंय. म्हैस हाय का पाण्याची टाकी?" सरांनाही प्रमाण बिघडलेलं वाटलं. माझा हात तर सवयीनं पोट आत घ्यायला शिवशिवतच होता. दोनदा खोडलंही. पण मान वर केली की समोर तेच भलंमोठं पोट. दिसेल ते काढायचं ठरलं होतं ना, मग वैतागून तसंच राहू दिलं.

पाडव्याला लग्न नसलेलं एक मंगल कार्यालय प्रदर्शनासाठी मिळालं. निम्मे लोक जेवणाच्या आशेनं आले. सरांनी चित्रं तारखेप्रमाणे दोरीवर चिमट्यांनी लावायला लावली होती. "वर्षभरातली प्रगती दिसली पाहिजे," ते म्हणाले. लोक माझ्या दोरीपुढं थांबून विचारत होते, म्हैस कितव्या वेताची, दूध किती देते, केवढ्याला द्यायची? चित्र विकत मागितलं नाही कुणी.

रहिमतपूरची आत्या, वडिलांची थोरली बहीण, दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. परत आली. मग भर हॉलमध्ये वडिलांवर ओरडली, "आरं शाण्या, गाभण म्हस इकाय निघालास?"

"न्हाई अक्का. डाक्टर बघून गेलाय."

"डाक्टर कवा बघून गेला? ह्ये बघ, दिवाळीचं पोट. ह्ये संक्रांतीचं. आनि ह्ये कालचं. डोळं हायती न्हवं तुला?"

सगळा हॉल गोळा झाला. सरांना हवी होती ती प्रगती दिसत होती, पण ती म्हशीची होती. वडील प्रत्येक चित्रापुढं थांबत गेले आणि शेवटच्या चित्रावरून सरळ गाडीला किक मारून घरी गेले. मी सगळं तिथंच टाकून मागून पळालो.

गोठ्यात पोचलो तर ते माझ्या स्टुलावर बसले होते. म्हशीच्या उजव्या कुशीवर हात ठेवून, डोळे मिटून. बराच वेळ गेला. मग एकदम त्यांचा हात दचकला. आतून लाथ बसली असावी.

"दलालाला फोन लाव. येऊ नगं म्हणावं."

मी फोन लावला. वडील उठले, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोट बराबर काढलंयस. कान तेवढं चुकल्यात."

आजवर त्यांनी माझं काही बरोबर म्हटल्याचं मला आठवत नाही. मला सरळ रडूच आलं. नाक पुसलं, स्टूल ओढलं आणि कान काढायला बसलो.