नखाने पारखलेला हार

पुणे शहरात निव्वळ नखाच्या जोरावर जगाचा न्याय करणारे एकच गृहस्थ होते आणि ते सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत, बरोबर आमच्या खाली राहत. वजनमापं तपासणारे निरीक्षक म्हणून ते निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतरही ते मंडईत शिरले की वांगी आपोआप पुऱ्या वजनाची भरतात, असं त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, सांगत. काकांना कोणत्याही जोडावर अंगठ्याचं नख फिरवून पाहायची सवय होती. दाराच्या चौकटीवर, कपाच्या कानावर, नव्या चपलेच्या शिवणीवर ते नख फिरे आणि अडकलं की काका म्हणत, "अडकतंय." मग त्या वस्तूशी त्यांचा संबंध संपे. आमच्या लग्नाचा अल्बम पाहायला दिला, तेव्हा त्यांनी एकही फोटो न बघता बांधणी तपासली आणि अल्बम परत केला.

कड्यांचा नाद लागला तो काकूंच्या साखळीमुळे. साखळी तुटली, सोनाराने सांधून दिली, काकांनी नख फिरवलं आणि ते अडकलं. सोनाराशी पाऊण तास बोलूनही फरक पडेना, तेव्हा काका बोहरी आळीतून स्टीलच्या तारेचं भेंडोळं घेऊन आले. काकूंच्या विणायच्या सुईवर तार गुंडाळायची, कापून तिच्या बारीक कड्या करायच्या आणि दोन हातांत दोन पकडी धरून एकेक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवून मिटायची, की जुन्या चिलखतासारखी जाळी तयार होते. तिचे ते हार करत, बांगड्या करत. कडी फाकवायची नाही, नुसती मुरडायची, आणि मिटल्यावर नख अडकता कामा नये. एका हाराला दोन महिने लागत. सुया गेल्यामुळे नातवाचा स्वेटर बाहीपाशी थांबला. तो नातू आता नोकरीला लागला आहे. काकूंनी मात्र एकही दागिना अंगाला लावला नाही. "मी काय लढाईवर चाललेय?" एवढंच त्या म्हणाल्या.

त्यामुळे ही जबाबदारी इमारतीतल्या आम्हां पाच बायकांवर आली. आपला एखादा हार कुणीतरी आपणहून घालावा, एवढीच काकांची इच्छा होती आणि ती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. हार देताना ते भिंतीकडे बघून म्हणत, "घालून बघा. आग्रह नाही." मी घालून बघितला. चार बोटं रुंद, गळ्यालगत बसणारा पट्टा होता तो. त्यात मानेवरचे केस अडकत आणि वजनाने माणूस आपोआप नम्र होई. दोन दिवसांनी मी तो स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवला. पुढे एका सकाळी धिरडं तव्याला धरलं, काथ्या संपला होता आणि हात खिळ्याकडे गेला. तवा असा लख्ख निघाला की विचारू नका. ही गोष्ट मी फक्त शेजारणीला सांगितली, म्हणजे दुपारपर्यंत पाचही घरचे तवे लख्ख झाले.

आम्ही विसरलो ते एवढंच, की काका निरीक्षक होते. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी जिन्यात कागद लागला. "उद्या दागिने तपासणी. सकाळी नऊ ते अकरा. दागिना गळ्यातून काढून आणावा." आम्ही रात्री हार चिंचेत घातले, चोळचोळ चोळले आणि सकाळी रांगेत उभ्या राहिलो. माझा नंबर पहिला. काकांनी भिंग डोळ्याला लावलं.

"बाई, हा एका अंगाने गुळगुळीत झालाय."

"रोज वापरते ना, काका."

"गळ्यात?"

काकांनी चिमट्याने कड्यांमधून काहीतरी काळं काढलं आणि कागदावर ठेवलं.

"बाई, हे धिरडं आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागची रांग आवाज न करता जिना चढून गेली. काकांनी तरीही उरलेल्या सगळ्या कड्यांवरून नख फिरवलं. "एकही उघडलेली नाही," ते काकूंना म्हणाले आणि हार कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. माझ्याकडे बघितलं नाही. महिन्याभराने पाचही घरी तळहाताएवढी चौकोनी जाळी पोचली, खिळ्यासाठी वर एक मोठी कडी लावलेली. "ह्याने घासा," काका म्हणाले. "तो गळ्याचा आहे."

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली तरी जिन्यात कागद लागेना. काकू म्हणाल्या, हात थरथरतात, पकडी खणात ठेवून दिल्यात. मला राहवेना. मी घरच्या पकडीने हाराची एक कडी मुरडून उघडली, हार गळ्यात घातला आणि खाली गेले. काकांनी हार गळ्यातच तपासला. नख थांबलं.

"ही आपोआप उघडलेली नाही."

"नाही, काका."

त्यांनी खणातल्या पकडी काढल्या. उजव्या हातातली पकड टेबलावर खडखडू लागली. थोडा वेळ तिच्याकडे बघून त्यांनी दोन्ही पकडी माझ्या हातात दिल्या. "हार काढा आणि आपणच मिटा."

मी कडी मिटली. त्यांनी नख फिरवलं. "अडकतंय." पुन्हा मिटली. "अडकतंय." तिसऱ्या वेळी ते नख कडीवरून बराच वेळ फिरत राहिलं.

"ठीक," काका म्हणाले. "घाला."

काका गेल्याला आता तीन वर्षं झाली. तो हार मी शाळेत शिकवायला जाताना घालते. मान दुखते, केस ओढले जातात, मुली हसतात. तास चालू असताना कधी कधी हात आपोआप मानेमागे जातो आणि त्या कडीवर मी नख फिरवून पाहते. अडकतं. त्या दिवशीही अडकलंच असणार, आणि काकांच्या नखाला ते कळलं नसेल, असं मी कुणाला म्हणू देणार नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी अडकत असूनही ठीक म्हटलेली ती एकच कडी, आणि ती मी मिटलेली आहे.