तिसरी हाक

आधीच सांगून ठेवते... भूत, चकवा, करणी यातलं मी काही म्हणजे काही मानत नाही. महाडला एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. रीडिंग विचित्र आलं की सॅम्पल परत लावायचं, तरीही तेच आलं तर मशीन तपासायचं, हाच माझा धर्म. या साइटवरच्या बऱ्याच भुताच्या किश्श्यांखाली मी खवचट प्रतिसाद दिलेत. त्या मंडळींना आज हसायची संधी आहे, खुशाल हसा.

विषय एका गेमचा आहे.

माझा धाकटा भाऊ सचिन मुंबईला असतो. गणपतीला आला तेव्हा त्याने माझ्या लॅपटॉपवर डोंगर चढायचा एक गेम टाकून दिला. म्हणाला, "ताई, खेळून बघ, आपली खिंड आठवेल." या वयात मी कसले गेम खेळते, असं म्हणता म्हणता वेडच लागलं. त्यात मारामारी नाही, पॉइंट नाहीत, कुणी बोलत नाही. एक बाई आणि एक भलामोठा कडा, बस्स. एकेक हात, एकेक पाय हलवत खाच शोधायची. हात फार ताणला की तो थरथरायला लागतो, बाईचा श्वास वाढतो. संगीतसुद्धा नाही, नुसता वारा. मधेच धुकं उतरतं, मग मुकाट्याने कपारीत बसून राहायचं. घाई करणारा हमखास पडतो. मी पहिले काही दिवस पडण्याचंच काम केलं. तरी दर वेळी त्या कड्याखाली उभी राहिले की गावाकडची वाट आठवायची, कारण सचिनचं म्हणणं खरं होतं.

आमची वाडी कापडे गावाच्या वर, पोलादपूर तालुक्यात. तेव्हा गाडीरस्ता नव्हता, खिंडीतून पायवाट होती. बाबा बाजार करून यायचे, आम्ही दोघं पोरं मागे. किती राहिलं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, आता येकच वळान. प्रत्येक वळणावर हेच! आम्हाला ते खोटं कळायचं, तरी आम्ही पुढच्या वळणापर्यंत पळायचो. खिंडीत ओझं टेकायचा एक दगड होता. तिथे बसलं की संध्याकाळी समोर आंबेनळी घाटात एसटीचे दिवे वळताना दिसायचे. तसं निवांत बसणं पुन्हा कधी जमलं नाही मला.

आणि हाका. धुक्यात कुणाला नावाने हाक मारायची नाही, अशी वाडीची पद्धत. नुसतं 'कूऽऽ' करायचं. पण प्रत्येक घराचं कू वेगळं. आमच्या घराचं मधे किंचित तुटायचं आणि परत वर चढायचं, जसं माणूस चालता चालता एक पायरी चढतो तसं. बाबा खिंडीतून ती हाक तीनदा द्यायचे. पहिल्या दोन हाकांना घरातून उत्तर द्यायचं नाही. त्या कुणाच्याही, चकव्याच्याही असू शकतात, तिसरी मात्र माणसाचीच, असं सगळी वाडी मानायची. तिसरी आली की आई दारात येऊन लांबलचक 'ओऽऽ' द्यायची आणि आत जाऊन चुलीवर चहाचं आधण ठेवायची. बाबा घरी पोचेपर्यंत ते बरोबर उकळलेलं असायचं.

बाबा त्या खिंडीतच गेले. मी कॉलेजला होते. टेकायच्या दगडावर बसलेले सापडले, बाजाराची पिशवी बाजूला नीट ठेवलेली. हृदय जागच्या जागी थांबलं, कुणीही काही करू शकलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. पुढे एका पावसात दरड आली आणि ती वाटही गेली. आई माझ्याकडे महाडला आली.

बाबा गेल्यापासून आईत एकच बदल झाला होता. ती ओ देत नसे. हाक मारली की गुपचूप येऊन दारात उभी राहायची, "काय गो?" विचारायची, पण ओ नाही. खालून दूधवाला ओरडून थकायचा. एका कानाने तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे आम्ही सगळं कानांवर ढकललं. मशीन आणलं, ते आजही डब्यात आहे. 'महाराणी, जरा ओ द्या' असं मी तिला चिडवायचेसुद्धा. हसायची.

तर तो रविवार. भर दुपार, अंधार-बिंधार काही नाही. आई स्वयंपाकघरात बिरड्यासाठी वाल सोलत होती. मी बाहेरच्या खोलीत, कानावर हेडफोन, तोंडात भाजलेले शेंगदाणे. कड्याच्या एका टप्प्यावर मी कितीतरी दिवस अडकले होते. त्या दिवशी निम्म्यात पोचले आणि धुकं आलं. कपारीत बसले. वारा वाहत होता.

आणि वाऱ्यातून हाक आली... कूऽऽ. मधे तुटलेली, परत वर चढलेली.

एकदाच.

माझा घास तोंडात तसाच राहिला. मी हेडफोन खाली ओढला, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातून आवाज आला.

"ओऽऽ."

इतक्या वर्षांनी. तोच लांब, वाडीतल्या दारातला.

आई बाहेर आली. बोटांना वालाची सालं चिकटलेली. खिडकीकडे नाही, लॅपटॉपकडे नाही, ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "तिसरी आली गो."

मग ती खाली बसली आणि तिने सांगितलं. बाबा गेले त्या दिवशी दाट धुकं होतं. खिंडीतून दोन हाका आल्या. ती चुलीपाशी तिसरीची वाट बघत राहिली. "तिसरी आलीच नाय. मी दुसरीलाच ओ दिली असती, धावत गेली असती, तर तो एकला नसता रे देवा..." हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, सचिनलाही नाही. मी तिला जवळ घेतलं आणि दोघी भरपूर रडलो. डॉक्टरांचं म्हणणं मी तिला परत सांगितलं. तिने मान हलवली, डोळे पुसले, आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं.

आता माझी तपासणी. तीच कपार, तेच धुकं, मी कितीदा खेळले देव जाणे. हाक नाही. सचिनने त्याच्याकडे खेळून पाहिलं, नाही. गेमच्या ग्रुपवर विचारलं, तर यात माणसाचा आवाजच नाही म्हणाले. हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवून मी स्वतः स्वयंपाकघरात उभी राहिले, वाऱ्याची झुळूकही ऐकू आली नाही. आणि आई तर कमी ऐकणारी. सचिन म्हणतो, "ताई, तूच नकळत कू केलं असशील." असेलही. पण शेंगदाण्यांनी तोंड भरलेलं असताना कुणी कू करून दाखवावं, मी हा किस्सा मागे घेईन.

सॅम्पल एकदाच आलं, परत लावता येत नाही. तो कडा मी पुढे चढलेच नाही. बाई अजून त्या कपारीत बसलेली आहे, आणि तिला तिथून हलवायची मला इच्छा होत नाही.

काल सकाळी दूधवाल्याने खालून हाक मारली. पहिलीच. मी उठेपर्यंत आतून आई म्हणाली, "ओऽऽ, आले."