कबुली द्यायला आलेली बाई

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी पनवेल कोर्टाच्या व्हरांड्यातली ती सकाळ मला विसरता आलेली नाही. गुन्हा किरकोळ होता. माझी चूक मात्र किरकोळ नव्हती.

खारघरच्या एका गृहस्थांचा मोबाईल चोरीला गेला होता. सात-आठ महिन्यांनी तांत्रिक शाखेकडून कळलं, की तो तळोज्याजवळच्या एका गावात पुन्हा सुरू झालाय. आम्ही गेलो, तर फोन निघाला अंगणवाडीतल्या मदतनीस बाईकडे. वय पंचेचाळीसच्या आसपास, नवरा वारलेला. मुलांच्या खिचडीचं पातेलं उतरवून ती हात पुसत बाहेर आली आणि मागताच फोन काढून दिला.

ठाण्यात चौकशी केली. पनवेलच्या एका दुकानातून जुना म्हणून घेतला, एवढंच ती सांगत राहिली. पावती नव्हती. दुकानदाराला बोलावलं, तर त्याने कानांवर हात ठेवले. या बाईला कधी पाहिलंच नाही, म्हणाला. त्यानंतर ती गप्पच झाली. गप्प बसणारा काहीतरी लपवतो, हा आमच्या खात्यातला जुना समज. मीही तसंच धरलं. चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा लावला, कागदांवर सह्या घेतल्या, फोन मुद्देमालात जमा केला आणि दोषारोपपत्र पाठवून दिलं.

तारखेला ती एकटीच आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बाकावर बसली होती. पुकारा झाला की दचकून उठायची, दुसऱ्याचं नाव ऐकून परत बसायची. मला पाहून जवळ आली.

"सायेब, मी कबूल करते. गुन्हा मान्य केला की दंड घेऊन आजच सोडतात, असं तिकडं एकानं सांगितलं. वकील करायला माज्याकडं पैसं नाय."

"फोन चोरीचा आहे हे तुम्हाला माहीत होतं का?"

"नाय. पन माजं कोन ऐकतंय?"

तिने कबुली दिली असती तर माझी केस त्याच दिवशी निकाली निघाली असती. तिच्या नावावर मात्र शिक्षा लागली असती, आणि अंगणवाडीची नोकरी बहुधा गेली असती. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने मिळतो, हेही तिला माहीत नव्हतं. मी सही घेतलेल्या एका कागदावर ते छापलेलं होतं. मी वाचून दाखवलं नव्हतं.

आमच्या आधी दोनच प्रकरणं उरली होती. मी तिला म्हटलं, काही कबूल करू नका, मला वकील हवाय एवढंच सांगा. ते वाक्य ओठांतल्या ओठांत घोकत ती आत गेली. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा तिने आधी वळून माझ्याकडे पाहिलं. घाबरून कबूलच करून टाकते की काय, असं मला वाटलं. पण तिने घोकलेलं वाक्य तसंच म्हटलं. पुढची तारीख पडली आणि विधी सेवा समितीकडून तिला एक तरुण वकीलबाई मिळाली.

वकीलबाईंनी तिला फोन घेतल्याचा दिवस पहिल्यापासून सांगायला लावला. बोलता बोलता ती म्हणाली, की कॅमेरा चालतो हे दाखवायला दुकानदाराने तिचाच फोटो काढला होता. कोर्टाच्या परवानगीने आम्ही फोन सुरू केला. फोटो होता. संकोचून हसणारी बाई, मागे त्याच दुकानाचं कपाट, त्याच्या काचेत फोन धरलेल्या दुकानदाराचं प्रतिबिंब. पुरावा इतके दिवस आमच्याच ताब्यात कुलूपबंद होता. फोटो समोर ठेवल्यावर फोन आपणच तिला जुना म्हणून विकल्याचं दुकानदाराने सांगितलं. बाई सुटली, नोकरीही राहिली.

मी तिला "कुठून आणला" असं दहा वेळा विचारलं असेल. "काय काय झालं ते सांगा" असं एकदाही म्हटलं नव्हतं. गरीब माणूस पुष्कळदा नुसता दमून गुन्हा कबूल करतो, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर कळलं.

सुटकेच्या दिवशी ती आभार मानायला थांबली असेल, असं मला वाटलं.

"सायेब," ती म्हणाली, "पयल्या तारखेला माज्या शेजारी एक म्हातारी बसलेली. ती पन कबूल करायलाच आलेली. तिला कोनी सांगितलं काय?"

मी त्या म्हातारीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.