‘काहून’ नाही, ‘का’

सत्तरच्या सुमाराला मी धरमपेठेतल्या एका मुलींच्या शाळेत सायन्स शिकवत होते. जीभ तिखट होती माझी, आजही आहे. मुली मला टरकून असत आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. डोंबलाचा अभिमान.

एक दिवस साबणाच्या फुग्यावर रंग कुठून येतात ते शिकवायचं होतं. पहिल्या बाकावरच्या मुलीची प्लास्टिकची बांगडी मागून घेतली, साबणाच्या पाण्यात बुडवली आणि खिडकीसमोर उभी धरली. बांगडीत पातळ पडदा धरला आणि थोड्याच वेळात त्यावर तांबडे, हिरवे, निळे पट्टे सरकू लागले. मी सांगितलं, रंग ना साबणात आहे, ना पाण्यात. थोडा उजेड पडद्याच्या पुढच्या बाजूवरून परत येतो, थोडा मागच्या. दोन्ही एकत्र आले की काही रंग जोर धरतात, काही एकमेकांना मारून टाकतात. कोणता रंग उरेल ते पडद्याच्या जाडीवर. पाणी खाली उतरतं, जाडी बदलते, म्हणून पट्टे सरकतात.

तेवढ्यात बांगडीवालीच उठली. नुकतीच खेड्यातून आलेली, मामाकडे राहून शिकणारी. म्हणाली, “बाई, फुटायच्या आधी वरून काळं काहून होते?”

मला काळं काही दिसलं नव्हतं. आमच्या पुस्तकातही नव्हतं. ‘मला माहीत नाही’ एवढं म्हणायला माझं काय जात होतं? पण मी म्हटलं, “आधी ‘का’ म्हणायला शीक. काहून काय? आणि काळंबिळं काही नसतं, डोळे तपासून घे.” वर्ग फिदीफिदी हसला. ती खाली बसली. खरं तर घरी माझी आईसुद्धा काहूनच म्हणायची. त्या मुलीनं वर्षभर पुन्हा हात वर केला नाही, आणि मॅट्रिकच्या आधीच तिचं लग्न झाल्याचं कळलं.

कितीतरी वर्षांनी एका जाड पुस्तकात वाचलं. पडदा अगदीच पातळ झाला की दोन्हीकडचा उजेड एकमेकाला पुरता मारतो, कुठलाच रंग उरत नाही, तिथे काळं दिसतं. मग तो फुटतो. घरी बांगडी बुडवून पाहिली. होतं की काळं, वरच्या कडेला, नखाएवढं. मला माझीच लाज वाटली.

पुढे एकदा धंतोलीत डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते, तर शेजारी तीच. सोबत सहा-सात वर्षांची लेक. तिनंच मला ओळखलं, वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, “तुझं बरोबर होतं गं. काळं होतं तिथे. मीच चुकले. सॉरी.”

ती हसली. “मले माहीत होतं, बाई. घरी कितीकदा करून पाहिलं मी.”

लेकीनं तिचा पदर ओढला. “आई, ह्या बाई तुले सॉरी काहून म्हणून राहिल्या?”

तिनं लेकीच्या हातावर हलकी चापट मारली. “‘का’ म्हण. बाईंसमोर काहून नाही म्हणत.”

पोरीनं पदर सोडून दिला.