काजळीनानांच्या हातची किल्ली

नानांच्या नाकाच्या शेंड्यावर काळा ठिपका नाही, असं मी त्यांना कधी पाहिलं नाही. एवढा मोठा मिशाळ माणूस, पण त्यांची आई त्यांना रोज सकाळी तीट लावूनच घराबाहेर पाठवत असावी, असं वाटायचं. आम्ही पोरी त्यांना 'काजळीनाना' म्हणायचो. आधी पाठीमागे, मग तोंडावर. त्यांना राग आला नाही, हे पाहून आम्हीच जरा हिरमुसलो.

तीट कसली, ती त्यांच्या धंद्याची खूण. घाट चढायच्या आधी मोटारी पनवेलला थांबत, इंजिनात पाणी घालत, माणसं चहा पीत. आणि त्या गडबडीत किल्ल्या हरवत. कुणाची विहिरीत पडे, कुणाची मोडून निम्मी आतच राही. अशा वेळी हॉटेलवाले रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या टपरीकडे बोट दाखवायचे. नाना मूळचे मिठागरातले. लढाईच्या दिवसांत लष्करी गाड्यांच्या दुरुस्तीवर हरकाम्या म्हणून लागले आणि तिथून ही विद्या घेऊन आले. कोरी पट्टी चिमणीच्या ज्योतीवर धरून काळी करायची, कुलपात घालून हलकेच दाबायची, बाहेर काढून बघायची. जिथली काजळी पुसली गेली तिथे कानस मारायची. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. मधेच नाक खाजलं की बोट नाकाला. झाली तीट.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. गिऱ्हाईक रडत यायचं, "अहो, आमच्या मेव्हण्यानं...", की नाना हात वर करायचे. "किल्ली कुणी हरवली ते नको सांगू. कुलूप कुठं हाय ते सांग." निम्म्या पनवेलची भांडणं त्या एका वाक्याने मिटली असतील. मेव्हणे तरी नक्की वाचले.

आता माझं सांगते. आक्काचं लग्न ठरलं तेव्हा मी नुकती परकरातून साडीत आले होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. आक्काचं एक लग्न आधी मोडलेलं होतं, साखरपुडा झाल्यावर. कारण काय, तर बैठकीच्या दिवशी समई विझली. तेव्हापासून आमच्या घरात कुणी शिंकलं तरी आई देवाला साखर ठेवायची. त्यामुळे हे पुण्याचं स्थळ म्हणजे आईबाबांना तळहातावरच्या फोडासारखं. अशा घरात, अशा लग्नात, करवली कोण? तर मी!

नवऱ्या मुलाचे जोडे लपवायचा आमचा बेत होता. पण त्याचा धाकटा भाऊ जोड्यांवर चक्क मांडी ठोकून बसला. मी म्हटलं, बस बाबा बस. वरात ज्या मोटारीतून परत जायची ती नवऱ्या मुलाच्या साहेबांची, मागून आणलेली. ड्रायव्हर पंगतीला बसला होता आणि त्याचा कोट मांडवाच्या खांबाला टांगलेला. मी किल्ली काढली आणि लपवली कुठे? रुखवतातल्या सगळ्यात मोठ्या बुंदीच्या लाडवात. वरून बोटाने बुंदी सारखी केली. कुणाच्या बापाला कळणार नाही! खरंच कळलं नाही. आईलाही नाही. आमच्याकडे रुखवतातला सगळ्यात मोठा लाडू वाजंत्रीवाल्यांना द्यायची रीत. ती आईने पाळली. वाजंत्री शिरढोणची. त्यांना पुढे दुसरं लग्न वाजवायचं होतं. लाडू शिदोरीत बांधून त्यांची बैलगाडी निघूनही गेली, कुठल्या गावाला ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पाठवणीची वेळ झाली. ड्रायव्हरने कोट चाचपला, मग मांडव, मग स्वतःचं डोकं. माझं तोंड बघून आईला काय ते कळलं. माझा कान तिच्या चिमटीत गेला आणि सगळी हकिगत वऱ्हाडासमोर बाहेर आली. कुणीतरी म्हणालं, तारा जोडून गाडी चालू करा. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांच्या गाडीची एक तार तुटली तर माझी नोकरी तुटेल." विहीणबाई मात्र हळूच आपल्या जावेला म्हणाल्या, "निघतानाच अडली हो. पुढचं देव जाणे." आक्काने ते ऐकलं. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. बाबा मांडवाचा खांब धरून उभे राहिले.

काकांनी सायकल मारून नानांना आणलं. आई मला पुढे ढकलत म्हणाली, "ही बघा! हिनंच लपवली ही कार्टी!"

"मी इचारलं काय?" नाना म्हणाले. "कुलूप कुठं हाय?" मग माझ्याकडे पाहून, "बाय, तू रिकामीच दिसतेस. चिमणी धर. वाऱ्याला पदर आड कर."

मी नव्या साडीचा पदर आड करून चिमणी धरून उभी राहिले. नाना पट्टी काळी करत, आत घालत, बाहेर काढून डोळ्यांशी नेत, दोनदा कानस ओढत. सगळं वऱ्हाड भोवती. त्यातले एक काका सल्ले द्यायला लागले तसे नाना म्हणाले, "काका, तुमी श्वास घ्या. सावकाश. मी बी घेतो." पदराला भोक पडलं, माझे हात भरून आले, पण मी हलले नाही. शेवटी एकदा त्यांनी पट्टी बाहेर काढली, कानस न मारताच फडक्याने अर्धीमुर्धी पुसली आणि म्हणाले, "झाली."

ड्रायव्हरने हात पुढे केला. नानांनी किल्ली मागे घेतली. "नाय. पयला फेरा मी देत नाय. ज्याला जायचं हाय त्यानं द्यायचा."

"मग मीच जाणार ना घेऊन?"

"तू तर रोजच जातोस. आज कुणाला जायचं हाय?"

सगळ्यांनी आक्काकडे पाहिलं. आक्काने विहीणबाईंकडे. विहीणबाईंनी नुसती मान हलवली, आणि आमची आक्का शालू सावरत ड्रायव्हरच्या जागेवर बसली. तिने किल्ली फिरवली, ड्रायव्हरने खिडकीतून हात घालून बटण दाबलं आणि गाडी अशी गुरगुरली की मांडवातली पोरं पळाली! आक्काने डोळे पुसले. काजळीचा फराटा गालभर ओढला गेला. आई पदर घेऊन धावली, तशा विहीणबाई म्हणाल्या, "राहू द्या हो. तीट लागली. माझ्या सुनेनं गाडी चालू केली, दृष्ट नाही का लागायची?"

बाबांनी तेव्हा कुठे खांब सोडला.

नानांचं अजून संपलं नव्हतं. किल्लीला ते नेहमी काहीतरी बांधून देत, माणूस बघून. कोळ्याला तरंगणारं लाकूड, विसरभोळ्या वकिलाला करवंटीचा हा एवढा तुकडा. मला म्हणाले, "पायातलं एक घुंगरू काढ." मी पैंजणातलं काढून दिलं. "आता चोरलीस तर ऐकू येईल," म्हणाले. सगळं वऱ्हाड हसलं. सगळ्यात मोठ्यांदा विहीणबाई.

पुढच्या आठवड्यात सनईवाला मूळची किल्ली घेऊन आला, गाल धरून. "बाय, लाडू झ्याक, पण पाक जरा कडक झाला."

पुढे साहेबांनी गाडी विकायला काढली, ती आक्काच्या नवऱ्यानेच घेतली. आक्का चालवायला शिकली. दर दिवाळीला माहेरी येताना ती नानांच्या टपरीसमोर थांबायची, किल्ली काढून त्यांच्या हातात द्यायची. शेवटी शेवटी नानांना दिसत नव्हतं. घुंगरू वाजलं की ते उठून उभे राहायचे. किल्लीच्या दात्यांवरून बोट फिरवायचे. "माजीच. झिजली नाय अजून," म्हणत परत द्यायचे. "जा, फिरव."

ते गेले त्या वर्षी दिवाळीला मी आक्काबरोबर गाडीत होते. टपरीच्या जागी पानवाला बसला होता. आक्काने सवयीने गाडी उभी केली, किल्ली काढली आणि हात तसाच राहिला. मग तिने किल्ली माझ्यापुढे धरली.

"आज तू फिरव."

"मला कुठं जायचंय?"

"घरी नाही यायचं का?"

मी वाकून किल्ली लावली, फिरवली. घुंगरू वाजलं. नाक भरून आलं होतं, ते बोटाने पुसलं आणि पटकन आरशात पाहिलं.

आक्का म्हणाली, "नाही गं. काही लागलं नाही."